हात जवळ हवा, धरलेला नको

आषाढ लागला की सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात एकाच तऱ्हेचे पेशंट वाढतात. कुणी अंगणातल्या शेवाळावरून घसरलेलं, कुणी बाथरूमबाहेरच्या ओल्या पायपुसण्यावरून, कुणी देवळाच्या पायरीवर. मनगट प्लॅस्टरमध्ये, नाहीतर खुब्याचं ऑपरेशन होऊन वॉकरवर. सव्वीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि दर पावसाळ्यात वाटतं, ही माणसं पडण्याआधी माझ्याकडे यायला हवी होती. म्हणून गेल्या अंकात ‘साठीनंतर तोलाचा वेगळा व्यायाम करा’ असं चार ओळींत लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : मी एसटीत कंडक्टर होतो. वय ७२. रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो, बारा वर्षांत खाडा नाही. बीपी नाही, शुगर नाही. तरी गेल्या चार महिन्यांत दोनदा पडलो. एकदा मोटरसायकलला वाट द्यायला रस्त्याच्या कडेला सरकलो तेव्हा, आणि एकदा घरात उभ्यानं पॅन्ट घालताना. चालणं वाढवू का? (मिरज)

उत्तर : काका, चालणं वाढवू नका. आहे तेवढं चालू ठेवा, हृदयाला आणि मनाला ते हवंच आहे. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण उत्तर तुम्हीच त्यात लिहून पाठवलंय. दोन्ही वेळा तुम्ही सरळ चालत नव्हता. एकदा झटकन बाजूला पाऊल टाकावं लागलं, एकदा एका पायावर उभं राहावं लागलं. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालताना या दोन्ही गोष्टी करायची वेळ येत नाही. जे बारा वर्षं केलंत ते पक्कं राहिलं. जे केलं नाहीत ते सुटत गेलं.

तुमची नोकरी आठवा. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच, खड्ड्यांचा रस्ता, गाडी खचाखच. कशालाही न धरता तुम्ही गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवायच्या आत तुमचे गुडघे सैल पडायचे, पावलं फाकायची, कंबर सीटच्या दांड्याला टेकायची. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दिवसातून शंभर वेळा तोल जायला आला आणि शंभर वेळा तुम्ही तो सावरलात, त्यातून ते अंगात बसलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालात आणि तो सराव त्या दिवशी थांबला. चौदा वर्षं झाली त्याला.

माझं म्हणणं एवढंच आहे. तोल ही कसरत आहे, आणि ती डगमगल्याशिवाय होत नाही. खुर्चीत बसून पाय वरखाली केले तर मांडी सुधारेल, तोल सुधारणार नाही. थोडं डगमगायला हवं, पण पडायला नको. म्हणून मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते : हात जवळ हवा, धरलेला नको.

२०१९ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं पडणं आणि व्यायाम यांवरचे २५ देशांतले १०८ अभ्यास एकत्र तपासले. साठीपुढची २३ हजारांवर माणसं त्यात होती. व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं. तोलाच्या व्यायामाला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तिथे घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली. नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं, असा भरवशाचा पुरावा मात्र त्यात मिळाला नाही. रोज चालणाऱ्या माणसाला हे ऐकायला जड जातं, पण ते तसं आहे.

आता काय करायचं ते. जागा स्वयंपाकघरातल्या ओट्याची. ओटा पक्का असतो आणि कमरेच्या जवळपास येतो. हलकी खुर्ची सरकते आणि टॉवेलची दांडी उपटून येते, म्हणून ती दोन्ही नकोत. मागे एक जड खुर्ची असू द्या, मनाला धीर येतो.

आधी एक परीक्षा. ओट्याशी उभे राहा, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवा, म्हणजे दोन्ही पावलं एका रेषेत येतील. हात सोडा आणि दहा सेकंद मोजा. दहा सेकंद निघाले नाहीत तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजायचं. मी ही परीक्षा घेताना पेशंटला चपला काढायला लावते आणि त्याच्या घोट्याकडे बघते. घोट्यापुढच्या शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, सतारीच्या तारांसारख्या उठतात, एक ताणते, दुसरी सोडते, अंगठा जमीन घट्ट धरतो. ज्याचा तोल चांगला त्याच्याही शिरा हलतातच. फरक एवढाच की ज्याचा सराव गेलाय त्याचा घोटा उशिरा जागा होतो, तोवर खांदे एका बाजूला गेलेले असतात.

हीच परीक्षा व्यायाम म्हणून करा. पहिले चार दिवस दोन्ही हात ओट्यावर. मग एक हात. मग नुसती बोटं. मग एकच बोट. शेवटी हात ओट्याच्या वर चार बोटं अधांतरी. सोपं वाटायला लागलं की आधार कमी करायचा, पुन्हा अवघड झालं पाहिजे. वर्षभर तोच व्यायाम त्याच आधारानं करणारे लोक मी पाहिलेत, त्यांना फायदा होत नाही आणि मग ते व्यायामाला नावं ठेवतात.

त्यानंतर टाचा उचलून पंज्यांवर दहा वेळा, मग पंजे उचलून टाचांवर दहा वेळा. ओट्याकडे तोंड करून खेकड्यासारखं आडवं चालायचं, उजवीकडे दहा पावलं, डावीकडे दहा. तुमच्यासाठी हा व्यायाम सगळ्यांत महत्त्वाचा, काका, कारण मोटरसायकल आली तेव्हा तुम्हाला आडवंच पाऊल टाकायचं होतं. ते पाऊल कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू टाकतो आणि सरळ चालण्यात त्याला असं आडवं पाऊल टाकायचा सराव मिळत नाही. मग ओटा शेजारी ठेवून उलटं चालायचं, हळू. मग एका पायावर उभं राहायचं. आणि शेवटी हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, बसताना धपकन टेकायचं नाही, तीन आकडे मोजत खाली यायचं.

अर्धा तास पुरे. पासष्टीपुढच्या माणसांनी तोल आणि ताकद यांचा मिळून व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे. मी म्हणते, चहा गाळून होईपर्यंत तरी रोज करा, कारण आठवड्यातून तीनदा करायचं ठरवलेलं काम माझ्या अनुभवात एकदाच होतं. दोन महिने नेटानं केल्यावर फरक कळेल. सोडलात तर तो फरकही निघून जाईल.

एका वर्षात दोनदा पडलात, म्हणून एकदा डॉक्टरांकडूनही तपासून घ्या, डोळ्यांसकट. पॅन्ट मात्र आजपासून पलंगावर बसून घाला. व्यायामाची जागा वेगळी आणि घाईची जागा वेगळी.

प्रश्न : वय ६६. डायबेटिस १८ वर्षं, गोळ्या चालू आहेत. अंघोळीच्या वेळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडी जाते, भिंत धरावी लागते. पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं. परवा देवळात पोचल्यावर कळलं की एक चप्पल वाटेतच निसटली आहे. हे म्हातारपण समजायचं का? (तासगाव)

उत्तर : नाही, मावशी. हे म्हातारपण समजून गप्प बसू नका. तुमच्या चपलेची गोष्ट मी तुमच्या डॉक्टरांना सांगितली तर ते खुर्चीत सरळ होऊन बसतील.

आपण उभे आहोत की कलतोय, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. डोळ्यांतून, कानाच्या आतल्या भागातून, आणि तळपाय-घोट्यातून. एखाद्याची बातमी आली नाही तर बाकीचे दोघं भागवून घेतात. बऱ्याच वर्षांच्या साखरेनं तुमच्या तळपायाच्या नसा बधिर झाल्या असाव्यात, म्हणून तुमचं शरीर डोळ्यांवर विसंबून उभं राहायला लागलंय. साबण लावून डोळे मिटलेत की तोही आधार जातो. अंधारात उठतानाही हेच होत असणार, तुम्ही लिहिलं नाहीत तरी.

डॉक्टरांना पायाची तपासणी करायला सांगा. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून आणि घोट्याला चिमट्याच्या आकाराचा कंप पावणारा काटा टेकवून ती पाच मिनिटांत होते, दुखत नाही. रक्तातलं बी १२ जीवनसत्त्वही मोजायला सांगा. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, आणि जेवण शाकाहारी असेल तर आणखीच. बी १२ कमी पडलं तरी नसा अशाच बधिर होतात, आणि ते वेळेत भरून काढता येतं.

व्यायाम करायचाच आहे, पण तुमची जागा ओट्याची नाही, खोलीच्या कोपऱ्याची. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात पाठ करून उभ्या राहा, पाठ टेकवायची नाही, वीतभर अंतर ठेवायचं. पुढे जड खुर्ची, तिची पाठ तुमच्याकडे. आता कुठेही कललात तरी काहीतरी हाताशी किंवा पाठीशी आहे. पावलं जुळवून उभ्या राहा, मान हळू उजवीकडे, हळू डावीकडे, मग वर आणि खाली. पायात मऊ स्लिपर नको. पातळ पण घट्ट तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. बधिर पायांनी अनवाणी फिरायचं नाही, खडा रुतलेलाही कळत नाही. रोज रात्री आरसा धरून तळवे बघा. डोळे मिटून करायचे व्यायाम एकटीनं अजिबात करू नका, ते मी समोर उभी असतानाच करून घेते.

बाथरूममध्ये स्टूल ठेवा आणि बसून अंघोळ करा. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत एक छोटा दिवा जळत राहू दे. वीजबिल फारसं वाढत नाही.

प्रश्न : कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते. अर्धा मिनिट फिरते आणि थांबते. उठून बसल्यावर ठीक. शेजारीण म्हणते तोलाचे व्यायाम कर. (वय ६१, जयसिंगपूर)

उत्तर : आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, ताई. वर्णनावरून हे कानाच्या आतल्या खड्यांचं दुखणं वाटतं. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेले की मान वळवताना मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते कण परत जागेवर आणतात. एपली या अमेरिकन डॉक्टरांनी शोधलेली ही पद्धत त्यांच्याच नावानं ओळखली जाते, आणि पुष्कळदा एक-दोन बैठकांत आराम पडतो. कुठल्या कानाचा दोष आहे ते आधी ठरवावं लागतं, म्हणून व्हिडिओ बघून स्वतः करू नका. ओट्याचे व्यायाम गरगर थांबल्यावर.

बोलणं बोबडं झालं, एकाचे दोन दिसायला लागले, हातपाय लुळा पडला किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर मात्र तासभरही थांबायचं नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या. एक्स-रे नीट आला, हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून पलंग सोडत नाहीत. उठवायला गेलं की रडतात, माझा दंड घट्ट धरतात. ह्यांचं म्हणणं, आईला हलूच द्यायचं नाही, सगळं हातात द्यायचं. तसंच करतोय. तरी पाय काटकुळे होत चाललेत. आता काय करू? (कराड)

उत्तर : ताई, तुमच्या पत्राला उत्तर लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

माझी आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वयंपाकघरात पडली. नुसता मुका मार लागला. मी फिजिओथेरपिस्ट, रोज दहा जणांना चालवणारी, आणि आईला मी म्हटलं, ‘तू बस आता, आम्ही आहोत ना.’ पाणी भरणं मी घेतलं, कोथिंबीर निवडणं बाईंना दिलं, परसातल्या पारिजातकाची फुलं पुतण्या आणून द्यायला लागला. पाच महिन्यांनी ती हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठू शकेना. मग एके संध्याकाळी पलंगाशेजारी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्यांदा ती निसरड्या फरशीमुळे पडली नाही. पायात जीव उरला नव्हता म्हणून पडली, आणि तो जीव पाच महिने बसवून ठेवून मी काढून घेतला होता. तिच्या हातातलं काम काढून घेणं ही मला माया वाटली होती.

म्हणून तुमच्या यजमानांना हे वाचायला द्या. त्यांचं प्रेम खरं आहे. पण सासूबाईंना हलू न देण्यानं त्यांचं पडणं टळत नाही, जवळ येतं. आणि सासूबाईंची भीतीही खोटी नाही, तिला हसू नका, ‘काही होत नाही हो’ असंही म्हणू नका. त्यांना एकदा झालेलं आहे.

सुरुवात डॉक्टरांकडून. आडवं असताना बीपी मोजायला सांगा आणि उभं राहिल्यावर एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरत असेल तर उठताना येणाऱ्या अंधारीचं कारण तिथे सापडेल. झोपेची गोळी चालू असेल तर तसं सांगा. मोतीबिंदू आहे का बघा.

मग घरी एकच काम : खुर्चीतून उठणं. हातांची पक्की खुर्ची भिंतीला टेकवा. तिच्यावर सोलापुरी चादरी घडी करून ठेवा, बैठक इतकी उंच करा की सासूबाई जवळजवळ उभ्याच बसतील. पावलं मागे, गुडघ्याखाली घ्यायला लावा. पुढे वाकू दे. नाक गुडघ्यांच्या पुढे गेलं की बूड आपसूक सुटतं. तुम्ही समोरून हात ओढू नका आणि बगलेत धरून उचलू नका, त्यानं त्यांचा भार मागे पडतो. बाजूला उभ्या राहा, एक हात त्यांच्या कमरेमागे, न टेकवता. पाच वेळा उठल्या की त्या दिवसाचं झालं. पाच सहज जमले की पुढच्या आठवड्यात एक चादर काढा. माझ्या आईच्या खुर्चीवर ऑपरेशननंतर चार चादरी होत्या. शेवटची काढायला अकरा आठवडे लागले.

ऐंशीच्या घरात व्यायाम झेपेल का, असं मनात आलं असेल. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन इथे ओटागो विद्यापीठाच्या लोकांनी ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ बायकांना घेऊन हेच पाहिलं. निम्म्यांना घरी जाऊन पायाच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले. १९९७ साली निकाल छापून आला : वर्षभरात व्यायाम न शिकवलेल्या बायका १५२ वेळा पडल्या, शिकवलेल्या ८८ वेळा. आज जगभर आम्ही फिजिओ जे करून घेतो, त्यातलं पुष्कळ तिथूनच आलं आहे.

उठणं जमायला लागलं की त्यांना एक काम परत द्या. उभ्यानं करायचं, ओट्याशी. मटार सोलणं, देवाची भांडी पुसणं, जे त्यांचं होतं ते. काम करताना हात आपोआप ओट्यावरून सुटतो, आणि तो सुटल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच शिकवून ठेवा, म्हणजे अर्धी भीती जाते : पडल्यावर उठायचं कसं. गादीवर करून बघा. आधी पडून राहायचं, कुठे दुखतंय ते चाचपायचं. मग कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग रांगायच्या अवस्थेत. रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर, ताकदीचा पाय पुढे, पाऊल टेकवून जोर लावायचा आणि वळून बसायचं. मात्र जांघेत कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर उठवायचं नाही. पांघरूण घालायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आईचं विचाराल, तर सहा महिन्यांनी ती परसात गेली. वॉकर बाजूला उभा केला, डावा हात कट्ट्यावर ठेवला, वाकली आणि उजव्या हातानं फुलं वेचली. मी दारात उभी होते. पुढे झाले नाही.

प्रश्न : मुलानं बंगळुरूहून छान काठी पाठवली आहे. उजवा गुडघा दुखतो. काठी उजव्या हातात धरायची ना? लोकांत काठी घेऊन जायची लाज वाटते. (वय ७४, कोल्हापूर)

उत्तर : डाव्या हातात, काका. उजवा पाय आणि काठी एकदम पुढे, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार वाटला जातो. दहापैकी सात माणसं काठी चुकीच्या हातात धरून माझ्याकडे येतात असं मला वाटतं, त्यामुळे यात तुमची चूक काही नाही. उंची अशी : चप्पल घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मुलानं पाठवलेली उंच असेल तर सुताराकडून कापून घ्या, खालचं रबर झिजलं की मेडिकलमधून नवं बसवा. पावसात झिजलेल्या रबराची काठी नसलेली बरी.

लाजेचं म्हणाल तर काठी बघून रिक्षावाला थांबतो, गर्दीतली पोरं बाजूला होतात. ती तुमच्या फायद्याची आहे. पण घरात ओट्याशी व्यायाम करताना काठी कोपऱ्यात ठेवा.

प्रश्न : आमचा सात जणींचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, सगळ्या साठ ते सत्तरमधल्या. यंदा सुना म्हणतात, या वयात झिम्मा-फुगड्या नकोत, पडाल. ताई, खरंच बंद करू? (इचलकरंजी)

उत्तर : बंद करू नका! या अंकातलं हे पत्र वाचून मला सगळ्यांत आनंद झाला.

झिम्म्यात काय असतं बघा. दोन पावलं पुढे, दोन मागे, गिरकी, वाकून टाळी, उठून टाळी, आडवं सरकणं. मी कंडक्टर काकांना ओट्याशी जे करायला सांगितलं, ते सगळं तुमच्याकडे गाण्यासकट आहे. गाण्याचं महत्त्व वेगळं. १९९७ साली स्वीडनमध्ये वृद्धांच्या निवासात एक साधी गोष्ट पाहिली गेली : चालता चालता बोलायला लावलं की कोण थांबतं? ५८ जणांत १२ जण थांबले, आणि त्यातले १० पुढच्या सहा महिन्यांत पडले. ज्यांचं सगळं लक्ष पाय टाकण्यातच खर्च होतं त्यांना दुसरं काही करायला उरत नाही. ओव्या आठवत, सूर धरत, समोरचीच्या टाळीला टाळी देत पाय टाकणं हा त्यावरचा उत्तम सराव आहे, आणि तो तुम्ही हसत करता. चीनमधल्या ताई-ची या संथ हालचालींच्या व्यायामाचे धडे वृद्धांना देतात, त्यानंही पडणं कमी होतं. आपल्याकडे झिम्म्यावर कुणी तसा अभ्यास केलेला माझ्या वाचनात नाही, पण सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून मी त्याच्या बाजूनं उभी राहते.

फुगडीचं वेगळं. तिथे तुमचा तोल तुमच्या हातात नसतो, समोरचीच्या हातात असतो, आणि घामानं हात सुटला तर पाठीवर पडणं होतं. हाडं ठिसूळ असल्याचं जिला सांगितलंय, जिला चक्कर येते, किंवा जिचा गुडघा बदललाय, तिनं फुगडीला बाहेर बसून गाणं म्हणावं. बसफुगडी सगळ्याच सोडा. बाकीच्यांनी फेर धरावा, झिम्मा घालावा, हळू गिरकी घ्यावी. नऊवारी काष्टा नेसा, गोल साडीच्या निऱ्या मागे सरकताना टाचेखाली येतात. फरशीवर सतरंजी अंथरू नका, तिची कड पायात येते. खोलीच्या चारी भिंतींना खुर्च्या लावून ठेवा, कुणी दमली की दोन पावलांत बसता आलं पाहिजे.

आणि सुनांनाही खेळात घ्या, एक सासू, एक सून अशा जोड्या करा. श्रावणातल्या पहिल्या मंगळवारला अजून तीन आठवडे आहेत. उद्या सकाळी चहा उकळत असताना ओट्याशी टाचा उचलायला सुरुवात करा, आधी दोन्ही हातांनी.